रोडबाईकवाल्यांसाठी रिकम्बंट: सोलापुरात सुरुवात कशी करावी

रोडबाईकवर मुरलेल्या माणसाला रिकम्बंट शिकताना त्याचं कौशल्यच आडवं येतं. चढ आला की तो उभं राहायला बघतो, तोल डळमळला की खांदे उचलतो, खड्डा दिसला की सीटवरून उठतो. रिकम्बंटवर, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे टाकून चालवायच्या सायकलवर, यातलं एकही चालत नाही. म्हणून हा लेख सायकल उत्तम येणाऱ्यांसाठीच आहे. कोणती घ्यावी, अंगाला कशी बसवावी, सोलापुरात कुठे शिकावी आणि कुठल्या सवयी घरी ठेवून निघावं, हे क्रमाने सांगतो.

आधी कारण ठरवा

मान अवघडते, मनगटाला मुंग्या येतात, शंभर किलोमीटरच्या पुढे सीटवर बसवत नाही, अशी तक्रार असेल तर रिकम्बंट तुमच्या कामाची. हातांवर भार येत नाही, वजन पाठीवर आणि बैठकीवर पसरतं, मान वर न काढता समोरचा रस्ता दिसतो. दुसरं कारण वारा. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि मागे रेललेल्या माणसाचा वाऱ्याला लागणारा आकार लहान असतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर घेत मोहोळच्या दिशेने ज्यांनी सायकल हाणली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आपला मुलूख या सायकलला मानवणारा आहे. रस्ते लांब नि सरळ, चढउतार लहान, घाट नावापुरते.

घाटात पहिलं यायचं असेल किंवा रोज नवी पेठेतून वाट काढायची असेल, तर मात्र पैसे वाचवा. आणि हो, रोडबाईक विकून टाकू नका. दोन्ही ठेवणारे जास्त सुखी असतात, असं माझं निरीक्षण आहे.

शर्यतीचं काय, असं कुणीतरी विचारतंच. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या ट्रॅकवर फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किमी अंतर कापलं. ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किमीचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, सायकलची व्याख्या अशी केली की रिकम्बंट तिच्यात बसेचना. त्यामुळे आजही नियमाच्या रोड रेसमध्ये तिला जागा नाही. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइडला, मात्र आहे, ते शेवटी सांगतो.

कोणती घ्यावी

प्रकार बरेच आहेत, पण आपल्याला तीनच लक्षात ठेवायचे.

पहिला प्रकार आखूड व्हीलबेसचा, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर कमी असलेला: पुढे २० इंची चाक, मागे २६ इंची किंवा ७००सी, म्हणजे रोडबाईकचं नेहमीचं चाक. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे. सीट साधारण खुर्चीच्या उंचीला, त्यामुळे थांबल्यावर दोन्ही पाय टेकतात. माझं मत विचाराल तर रोडबाईकवाल्याने पहिली रिकम्बंट हीच घ्यावी. दुसरा प्रकार हायरेसर, दोन्ही चाकं मोठी. हा वेगवान असतो, मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, आणि नजर कारवाल्याच्या नजरेला भिडते. अडचण इतकीच की सीट उंच आणि पेडल त्याहून वर, त्यामुळे उंची बेताची असेल तर सिग्नलला नुसती बोटं टेकतात.

तिसरा प्रकार तीनचाकी, पुढे दोन आणि मागे एक. तोल सांभाळायचा प्रश्नच नाही, चढावर ताशी ५ च्या वेगानेही निवांत जाता येतं, पाठीचं दुखणं असलेल्याला किंवा वय झालेल्याला वरदान. पण तीन चाकांच्या तीन रेघा, एक खड्डा चुकवाल तर दुसरा सापडेल. सीट जमिनीपासून फूटभर, म्हणजे ट्रकच्या चाकाच्या उंचीला तुमचं डोकं. वळणावर वेग जास्त असेल तर आतलं चाक उचलतं, म्हणून अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. अगदी जमिनीलगतच्या लोरेसरचा विचार आपल्या रस्त्यांवर करूच नका.

पुढच्या चाकालाच चेन असलेल्या क्रूझबाइकसारख्या सायकलीही असतात. त्यात पेडल हँडलबरोबर वळतं, त्यामुळे शिकायला वेळ लागतो. दुसरी सायकल म्हणून ठीक.

इंग्लंडची आयसीई, जर्मनीची एचपी व्हेलोटेक्निक, चेक प्रजासत्ताकातली अझुब, अमेरिकेची कॅट्राइक, तैवानची परफॉर्मर ही यातली जाणती नावं. बाहेरून मागवताना सायकलच्या किमतीवर वाहतूक आणि कस्टम ड्युटी चढते, तो आकडा आधी लेखी मागा. पुण्या-मुंबईत कुणी जुनी विकत असेल तर स्वतः जाऊन बघा. बूम म्हणजे पुढे पेडल धरणारी नळी. ती आणि फ्रेम जिथे जुळतात तिथे तडा आहे का, नळीवर घसरल्याचे ओरखडे आहेत का, चेन वळवणारी चाकी म्हणजे आयडलर झिजून धारदार झाली आहे का, ही तीन ठिकाणं नखाने चाचपून बघायची. गिअर, कॅसेट, ब्रेक हे सगळं नेहमीचंच असतं, त्याची फार चिंता नको.

एमआयडीसीतल्या वेल्डरकडून बनवून घ्यायची कल्पना अनेकांच्या डोक्यात येते. वेल्डिंग करणारे हात आपल्याकडे चांगलेच आहेत. पण साध्या पाइपची सायकल फार जड होते, आणि हेडट्यूबचा, म्हणजे पुढचा फोर्क धरणाऱ्या नळीचा, कोन चुकला तर ती कधीच सरळ चालत नाही. करायचीच तर चालत्या सायकलची मापं घेऊन करा, फोटोवरून नको.

अंगाला बसवणं

रोडबाईकची सीटपोस्टची उंची इथे निरुपयोगी. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसा, पाय सरळ करा, भिंतीपासून अनवाणी टाचेपर्यंतचं अंतर मोजा. विकणारा हेच माप मागतो. सायकल हातात आल्यावर कुणाला तरी ती धरायला सांगा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात लांब असताना पाय बरोबर सरळ होईल इतकी बूम पुढेमागे करा. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हलका बाक राहतो. उलटं पेडल मारून बघा. कंबर डावी-उजवी हलली तर बूम लांब झाली. बूम आखूड राहिली तर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखेल, लांब झाली तर गुडघ्यामागे. एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त हलवू नका. फार सरकवली तर चेनची लांबीही बदलावी लागते, हे लक्षात असू द्या.

सीटचा कोन बदलता येत असेल तर सुरुवातीला ४५ अंशांच्या आसपास ठेवा. ३० अंशांच्या खाली वारा कमी लागतो पण रस्ता पायांआड जातो आणि मानेला आधार लागतो. क्रँक (पेडलचा दांडा) १६५ मिमी किंवा त्याहून आखूड बरी, १७२.५ ची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पण गुडघा छातीकडे कमी येतो आणि टाच पुढच्या चाकाला कमी लागते.

क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी, रोडबाईकपेक्षा मागे, टाचेकडे सरकवा. पाय सतत वर असल्याने बोटांकडचा रक्तपुरवठा मंदावतो आणि तासाभरात तळव्यांची आग होते. क्लीट मागे, बूट थोडा सैल, एवढ्याने बराच फरक पडतो. लुक कंपनीच्या मोठ्या क्लीटपेक्षा लहान एसपीडी क्लीट सोयीच्या.

शिकायला कुठे आणि कसं

जुळे सोलापुरातले आतले डांबरी रस्ते, रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला. होम मैदानाचा मोह होतो, पण मातीवर पुढचं लहान चाक घसरतं, आणि जानेवारीत तिथे गड्ड्याची जत्रा असते. रस्ता किंचित उताराचा बघा, डोळ्यांना जेमतेम कळेल इतका.

पहिल्या दिवशी साधी पेडल, बंद बूट. दोन्ही ब्रेक दाबून सीटवर बसा आणि डोकं-खांदे पूर्ण मागे टेका. उतारावर ब्रेक सोडा, दोन्ही पाय जमिनीच्या जरा वर ठेवून सायकल आपोआप जाऊ द्या. वेग चालण्याइतका. इथे फक्त एक गोष्ट शिकायची: हँडल दोन बोटांनी धरलं तरी पुरतं. रोडबाईकवर आपण नकळत कंबर आणि खांद्यांनी तोल सावरतो. इथे अंग सीटला चिकटलेलं, त्यामुळे तोल हँडलच्या बारीक हालचालीवर चालतो. मूठ आवळली की सायकल नागमोडी जाते. कुणी सोबत असेल तर त्याला तुमचे खांदे बघायला सांगा. खांदे सीट सोडून उठलेले दिसले की त्याने ओरडायचं.

हे जमलं की एक पेडल. हलका गिअर टाका. जोराचा पाय पेडलवर ठेवा, पेडल वरच्या टोकाच्या जरा पुढे हवं, दुसरा पाय जमिनीवर. मागे टेका, नजर वीस-तीस मीटर लांब, आणि पेडल ठामपणे दाबा. अर्धवट दाबलं तर सायकल पडेल, ठाम दाबलं तर चालेल. दुसरा पाय लगेच पेडलवर. बहुतेक जण इथे खाली पायांकडे बघतात नि तिथेच कलंडतात.

थांबण्याआधी गिअर हलका करायचाच. रोडबाईकवर जड गिअरमध्ये अडकलात तर उभं राहून निघता येतं. इथे सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्या रिक्षावाल्याची शिट्टी ऐकत बसावं लागतं. सात रस्त्याला एकदा हे झालं की सवय आपोआप लागते.

मग वळणं. आखूड व्हीलबेसच्या सायकलवर जवळचं वळण घेताना आतल्या बाजूची टाच पुढच्या चाकाला लागते. डावीकडे वळताना पेडल मारणं थांबवा, डावा पाय चाकापासून लांब, वरच्या बाजूला ठेवा, वळण झाल्यावर पुन्हा सुरू करा. आठचे आकडे काढत दोन्ही बाजूंचा सराव करा.

धोक्याची एक गोष्ट नीट वाचा. चालत्या सायकलवर पाय पेडलवरून निसटून जमिनीला लागला तर जमीन त्याला मागे ओढते, आणि पाय सीटखाली अडकून घोटा किंवा गुडघा मोडू शकतो. म्हणून वेगात असताना तोल गेला तरी पाय खाली टाकायचा नाही. पडलात तर कुशीवर पडाल, उंची कमी असते, खरचटण्यावर भागतं. याच कारणासाठी निघणं-थांबणं अंगवळणी पडलं की लगेच एसपीडीवर या. तीनचाकीवर तर पहिल्या दिवसापासून.

गुडघे सांभाळा

रोडबाईकवर पेडलवर किती जोर लावता येईल याला तुमच्या वजनाची मर्यादा असते. रिकम्बंटवर पाठीला सीटचा टेकू आहे, त्यामुळे जिममधल्या लेग-प्रेससारखा वजनापेक्षा जास्त जोर लावता येतो, आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. तरुण, दमदार रायडरचे गुडघे म्हणूनच आधी दुखतात. मिनिटाला ८५-९० फेऱ्या धरा, पाय फिरवत राहा, दाबत बसू नका.

आणि पहिले काही आठवडे तुम्ही मंद असाल. हृदय-फुप्फुसं तयार आहेत, पण नितंब आणि मांडीचे स्नायू वेगळ्या कोनात काम करतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. एका मोठ्या राइडपेक्षा आठवड्यात तीन-चार लहान राइड बऱ्या. नेहमीच्या ग्रुपबरोबर लगेच जाऊ नका. चढावर ते पुढे जातात, उतारावर तुम्ही, कुणाचीच लय लागत नाही. शिवाय तुमची चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, समोरच्याच्या पोटरीच्या उंचीला असते. गेलातच तर मागे, अंतर राखून.

गिअरचा हिशोब करून बघा. ७००सी मागचं चाक, पुढे ३४ दात नि मागे ३४, तर मिनिटाला ८० फेऱ्यांना वेग ताशी १० च्या आसपास. पुढे ३० आणि मागे ३६ केलं तर साडेआठच्या खाली. तुळजापूरच्या घाटाला हा फरक कळतो, कारण दोन चाकांवर फार हळू झालात की डळमळायला होतं. तोल कितीपर्यंत टिकतो ते आधी सपाटीवर अजमावा आणि सगळ्यात हलका गिअर त्या हिशोबाने निवडा.

सोलापूरचे रस्ते

जुळे सोलापूर झालं की होटगी रस्ता, तिथून अक्कलकोट. जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर, चढ सौम्य. मग बार्शी रस्त्याने नान्नज. नळदुर्गला हायवेने जाता येतं, शोल्डर (कडेची पट्टी) रुंद आहे, पण उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली आणि बसायला आलेली गुरं त्याच शोल्डरवर असतात. तुळजापूर ४५ किलोमीटरवर, ते सगळ्यात शेवटी.

आरसा ही चैन नव्हे. मागे टेकलेल्या अवस्थेत मान वळवून बघताच येत नाही. उजवीकडचा तरी हवाच, तीनचाकीला दोन्ही. मागे लांब काठीवर केशरी झेंडा, दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॅक्टरपासून जपा. चालक उंचावर, स्पीकर फुल्ल, मागे दोन ट्रॉल्या, आणि दुसरी ट्रॉली कुठून जाते हे त्यालाही कळत नाही. ओव्हरटेक करताना तो थांबलेला असेल तरच जा. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं २० इंची चाकाखाली आलं तर सायकल सरळ आडवी होते.

गतिरोधकाला सीटवरून उठता येत नाही, सगळा दणका कण्यात. वेग कमी करून सरळ जा, तिरकं नको. पुढचं टायर ४० मिमीच्या पुढचं आणि हवा थोडी कमी, एवढं केलं तरी पाठ दुवा देते. बाभळीच्या काट्यांसाठी लायनर (टायरच्या आतली पट्टी) किंवा सीलंट (भोक बुजवणारा द्रव). टायरवरचा आकडा वाचून ठेवा: २० इंचीत ४०६ आणि ४५१ ही दोन वेगळी मापं आहेत. ४०६ चं टायर मुलांच्या बीएमएक्समुळे दुकानात मिळतं, ४५१ साठी वणवण होते. घेतानाच ४०६ बघा.

कुत्र्यांचं तोंड तुमच्या तोंडाच्या उंचीला येतं, हे मान्य करा. पळण्यापेक्षा थांबून पाय टेकले की बहुतेक कुत्री गोंधळतात. माणसांचं तसं नाही. ‘ओ काका, झोपून चालवायलाय का?’ याला हसून हात केला की विषय संपतो. पण एका हाताने मोबाईल धरून शूट करत बाजूने चालणारा बाईकवाला खरा धोका. मागे बसलेलं पोरगं त्याला म्हणतं, ‘जवळ घे बे, दिसंना,’ आणि बाईक तुमच्या आरशाला घासायला येते. अशा वेळी वेग वाढवू नका. हळू व्हा, कडेला थांबा, त्याला हवा तेवढा फोटो काढू द्या.

ऊन तोंडावर, पोटावर आणि मांड्यांवर सरळ पडतं. फेब्रुवारीनंतर पहाटे निघून नऊच्या आत घरी, नाहीतर गुडघे भाजतात. पूर्ण बाह्या, लेगस्लीव्ह, हेल्मेटखाली छज्जाची टोपी. जाळीची सीट घ्या, फोमची घेतलीत तर पाठ ओलीचिंब होते. सोलापुरी टॉवेल अंथरायची हौस कुणालाही होईल, पण तो बांधला नाही तर घसरत कमरेखाली गोळा होतो. पाण्याची पिशवी सीटमागे, नळी खांद्यावरून. पावसाळ्यात पुढचं मडगार्ड नसेल तर सगळा चिखल थेट तोंडावर.

चेन आणि केबल

चेन नेहमीच्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब. झीज इतक्या कड्यांत वाटली जाते की ती जास्त टिकते, साफ करायलाही तेवढाच वेळ. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत ओलं तेल घातलंत तर आयडलर आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांत राप बसतो. पातळ कोरडं ल्यूब बरं. दोन जोडकड्या आणि एक चेन कटर कायम पिशवीत. मागच्या गिअरची साधी केबल बऱ्याचदा अपुरी पडते, टँडेमच्या, म्हणजे दोघांच्या सायकलच्या, लांबीची लागते. ती ऐनवेळी कुठेच मिळत नाही, म्हणून सायकलबरोबरच दोन जास्तीच्या मागवा.

ब्रेव्हेला जाताना

ऑडॅक्स या लांब पल्ल्याच्या सायकलिंग संस्थेच्या ब्रेव्हेमध्ये फक्त माणसाच्या ताकदीने चालणारं कुठलंही वाहन चालतं, रिकम्बंट आणि तीनचाकीसुद्धा. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७. वाऱ्याच्या दिवशी आणि लांब अंतराला ही सायकल तिचे पैसे वसूल करून देते, पण २०० ला नाव देण्याआधी पंढरपूरला जाऊन-येऊन बघा. जवळजवळ दीडशे किलोमीटर होतात आणि मान, तळवे, बैठक यांतलं काय आधी बोलतं ते कळतं. रात्रीच्या नियमात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आहे. रिकम्बंटवर त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या सीटमागे झाकल्या जातात, मागून येणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नाही. सीटच्या पाठीला, झेंड्याच्या काठीला आणि दोन्ही बाह्यांना वेगळी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी मागून टॉर्च मारून बघायला सांगा.